पुराचं मॉक ड्रिल खरंखुरं कसं बसवायचं? गेल्या वर्षी नुसता वडापाव झाला

कृष्णाकाठचा_गडी

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात नदीकाठचं गाव आहे आमचं, नाव मुद्दाम टाकत नाही. आपदा मित्रचं (सरकारची आपत्ती स्वयंसेवकांची योजना) १२ दिवसांचं ट्रेनिंग केलंय त्यामुळं गावात काहीही झालं की "ह्याला विचारा" असं झालंय. आता जूनच्या आधी पुराची रंगीत तालीम घ्यायचीय आणि ह्या वेळी ती माझ्या गळ्यात पडलीय.

गेल्या वर्षीचं सांगतो म्हणजे अंदाज येईल. सकाळी ११ ला बॅनर, हार, दोन भाषणं, मग भोंगा वाजवला आणि शाळेची पोरं आणि समोर बसलेली ३०-४० माणसं चालत चालत ग्रामपंचायतीच्या सभागृहात गेली, तिथं पंखा होता, चहा वडापाव झाला, फोटो निघाले, संपलं. आता गंमत अशी की २०१९ ला त्याच सभागृहात छातीएवढं पाणी होतं. हे मी बोललो तर म्हणाले अरे सराव आहे तो, खरं असतं तर शाळेवरच नेणार ना.

२०१९ ज्यांनी बघितलंय त्यांना माहितेय, सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. आमच्याकडं सगळ्यांनी २००५ चं माप धरलेलं. "तेव्हा उंबऱ्याला लागलं नव्हतं, आता कसं लागंल" करत बसले आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरनं हाका मारत होते. आणि नदी लांब राहिली, आधी ओढ्याला फुग येते, म्हणजे नदीचं पाणी ओढ्यातनं उलटं मागं चढतं, त्यानं खालच्या वाडीचा रस्ता जातो आणि मग नदीचं पाणी गावात. म्हणजे निघायला वेळ असतो पण तो असतो तेव्हा कोरडं असतं, त्यामुळं कोण हलत नाही.

तर प्रश्न असा की हे ड्रिल बसवायचं कसं? गोष्ट कशी लिहायची, किती लोकांना घ्यायचं, आधी सांगायचं का अचानक भोंगा वाजवायचा? बोट पाण्यात घालायची का? बजेट म्हणाल तर वडापावचं आहे तेवढंच.

---

सेफ्टीवाला_एमआयडीसी

भावा पहिलं म्हणजे भोंग्यापासून सुरुवात करू नकोस. भोंगा शेवटी.

मी २० वर्षं केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीत आहे, आम्हाला घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनी दर सहा महिन्याला प्लांटच्या आतलं मॉक ड्रिल सक्तीचं आहे, आणि बाहेरच्या वस्तीसकटचं प्रशासनानं वर्षातनं एकदा घ्यायचं असतं. म्हणजे मी किती ड्रिल बघितली असतील हिशोब कर, आणि त्यातली बरीचशी तुझ्या वडापावसारखीच. कारण एकच, कोणालाच विचारायचं नसतं की आपण नेमकं काय तपासतोय. तू आधी एक प्रश्न लिही, एकच. उदाहरणार्थ "रात्री लाइट नसताना ओढ्याचा रस्ता बंद व्हायच्या आत खालची वाडी रिकामी होते का". एवढ्याचंच ड्रिल. बोट, प्रथमोपचार, जनावरं, छावणी हे सगळं एका दिवसात कोंबलंस तर जत्रा होते आणि कळत काहीच नाही.

दुसरं, आधी बसून खेळा. आम्ही त्याला टेबलटॉप म्हणतो पण तुला टेबल पण नको, देवळाच्या फरशीवर खडूनं गाव काढ, ओढा, पूल, शाळा, डेअरी, ट्रान्सफॉर्मर. घरटी एक चिंचोका. समोर सरपंच, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, ट्रॅक्टरवाले, लाइनमन. ज्यानं खऱ्या वेळी काम करायचंय तोच पाहिजे, त्याचा पुतण्या नको. मग तू चिठ्ठ्या वाचायच्या. खरा एक तास म्हणजे इथली १० मिनिटं धर आणि दर १० मिनिटाला एक चिठ्ठी. "दुपारी ४, पुलाला ३७ फूट, धरणातनं विसर्ग वाढवल्याचा मेसेज." गप्प बसायचं. आता तुम्ही काय करणार? "बघू" म्हणाले तर बघू दे, पुढची चिठ्ठी ४० फूट. मग ओढ्याला फुग. मग लाइट गेली. लाइट गेल्यावर काही तासांनी टॉवरची बॅटरी संपते, म्हणजे मोबाइल बंद, ही चिठ्ठी विसरू नकोस, सगळ्यांचे प्लॅन व्हॉट्सअ‍ॅपवर उभे असतात. आणि एक चिठ्ठी अशी टाक की ज्याच्यावाचून गाव हलत नाही तो माणूस पुण्याला लग्नाला गेलाय. ही चिठ्ठी त्याच्यासमोर वाच, तोंड बघण्यासारखं होतं.

शेवटचा आकडा मात्र २०१९ च्या वरचा टाक. माणसाला बघितलेल्या पुराच्या वर पूर येईल असं वाटतच नाही. २००५ चं तू सांगितलंसच की.

आमचीच एक चूक सांगतो. एका कंपनीत होतो तिथं ड्रिलच्या दिवशी कंत्राटी कामगारांना कॅन्टीनमध्ये बसवून ठेवायचे, म्हणजे हजेरी पटकन जुळते, रिपोर्ट सुंदर. मग एका दुपारी खरंच अमोनियाची लाइन फुटली, मोठं काही झालं नाही, डोळ्यांवर निभावलं, पण सगळे गेटवर जमले आणि हजेरी काही जुळेना, आत कोण राहिलंय का हे तासभर कुणाला सांगता येईना. आणि ती कंत्राटी पोरं कुठं होती माहितेय? कॅन्टीनमध्ये जाऊन बसलेली. सायरन वाजला की कॅन्टीन हेच शिकवलं होतं ना आम्ही त्यांना. तुझ्याकडं पण पोल्ट्रीवर, वर्कशॉपवर बाहेरची माणसं असतील ज्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत, त्यांचे चिंचोके ठेव.

---

रात्रपाळी_डॉक्टर

वरचं सगळं बरोबर. मी वैद्यकीय बाजूचं बोलते.

आमच्या हॉस्पिटलात मॉक ड्रिल म्हणजे नर्सिंगच्या मुली रंग लावून झोपणार आणि स्ट्रेचरवर खुदुखुदु हसणार. त्यांना काय झालंय हे त्यांनाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्यालाही. म्हणून गळ्यात कार्ड अडकवायचं, पुढं लिहायचं श्वास मिनिटाला ३६, मनगटाची नाडी लागत नाही, हाक मारली तर डोळे उघडतो पण सांगितलेलं करत नाही. आणि मागच्या बाजूला १५ मिनिटांनंतरची अवस्था. कोणी हात लावला नाही तर कार्ड उलटायचं. पिवळा होता तो लाल झाला हे समोर दिसतं तेव्हा हसू थांबतं. आधी कोणाला बघायचं हे रंगानं ठरतं, लाल सगळ्यात आधी. पद्धत साधी आहे, जो चालत येतो तो हिरवा, श्वास ३० च्या वर किंवा नाडी नाही किंवा ऐकून करत नाही तो लाल, बाकीचे पिवळे, श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही तो काळा, म्हणजे गेलेला धरायचा.

पण खरं सांगू का, पुराच्या गावात एका वेळी ५० जखमी नसतात. बॉम्बस्फोटाचा सराव करू नका पुरासाठी. तुमच्याकडं येणार म्हणजे नववा महिना भरलेली बाई, उद्या डायलिसिसची तारीख असलेला म्हातारा, इन्सुलिन संपलेला, माळ्यावर साप चावलेला. ह्या चिठ्ठ्या टाका. "डायलिसिसच्या माणसाला कधी हलवायचं" ह्याचं उत्तर पुलाला ३५ फूट असतानाच द्यावं लागतं हे सगळ्यांच्या लक्षात येऊ दे.

आणि वरचा काळ्याचा नियम पाण्यातनं काढलेल्या माणसाला जसाच्या तसा लावू नका. बुडालेला श्वास घेत नसेल तर आधी तोंडावाटे श्वास द्यायचे, मग छातीवर दाब, लगेच, जागेवर. ड्रिलमध्ये एक पुतळा ठेवा आणि गावकऱ्यांना करू द्या. नव्वद टक्के जण पहिलं काय करतील सांगते (आकडा माझ्या रागाचा आहे, अभ्यासाचा नाही), पोट दाबून पाणी काढायला जातील नाहीतर उलटं धरून गरगर फिरवतील. हे अजून होतं आणि त्यात हातातला वेळ जातो.

पूर ओसरल्यावरचा पण एक छोटा सराव ठेवा, चिखल काढायला अनवाणी उतरतात आणि आठवड्यानं लेप्टोचा ताप घेऊन आमच्याकडं येतात.

---

आशाताई_मिरज

मी आशा आहे. २०१९ आणि २०२१ दोन्हीला होते. थोडं आमचं पण ऐका.

सकाळी ११ ला ड्रिल ठेवताय तर बायका येणारच नाहीत, त्या भांगलणीला गेलेल्या असतात. मग ड्रिलमध्ये कोण, तर रिकामे पुरुष आणि शाळेची पोरं, आणि पुरात घरात कोण, तर बाई, म्हातारी आणि बारकं पोर. संध्याकाळी ७ ला ठेवा, आणि मेन स्विच खरंच पाडा थोडा वेळ, अंधारात जिना उतरायला किती लागतं कळू दे.

म्हातारी माणसं उचलायचा सराव करतात तेव्हा गव्हाचं पोतं उचलतात. पोतं चौकट धरत नाही हो. आमच्या इथली एक आजी होती, चार जणांनी खुर्चीसकट उचलली तर तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी अशी धरली की खुर्ची पुढं आणि आजी मागं. तिला देव्हाऱ्यातला टाक घ्यायचा होता, तो हातात दिल्यावर गुपचूप निघाली. तर ड्रिलला खरी आजी घ्या, तिला विचारून घ्या, आणि तिला सांगून ठेवा की आजी तुम्ही सहज तयार होऊ नका.

जनावरांचं कोणीच लिहिलं नाही वरती. म्हशी सोडून माणूस येत नाही. बोट दारात आली तरी येत नाही. मग दोर सोडायचे का, कुठं न्यायच्या, चारा कोण देणार, ह्याचं उत्तर असल्याशिवाय तुमचा रस्ता बंद व्हायच्या आतचा हिशोब चुकणारच. जनावरं माणसांच्या आधी निघाली पाहिजेत, आणि ती ट्रॅक्टरनं नाही, चालत निघतात, त्याला उजेड लागतो.

आणि शाळेची किल्ली. २०२१ ला आम्ही १५० माणसं घेऊन पावसात शाळेच्या गेटवर उभे, हेडमास्तर तालुक्याला राहायला, शिपाई सुट्टीवर. कुलूप तोडलं शेवटी. आत गेलो तर बायकांच्या संडासाचं पण वेगळं कुलूप. गेल्या वर्षीच्या तुमच्या ड्रिलमध्ये शाळा उघडलीच नाही म्हणजे किल्ली तपासलीच नाही.

---

सेंदाईकर

मूळचा कराडचा, नोकरीमुळे बरीच वर्षं जपानमध्ये. आशाताईंच्या शेवटच्या ओळीवरून आणि मूळ पोस्टमधल्या सभागृहावरून लिहितोय, कारण हे वाचून पोटात गोळा आला.

इथे आमच्या उत्तरेला कामाइशी म्हणून गाव आहे, त्याचा उनोसुमाई हा भाग. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत तिथल्या शाळांची गोष्ट सगळीकडे सांगतात. गुन्मा विद्यापीठाचे कातादा सर तिथे मुलांना कित्येक वर्षं शिकवत होते, आणि त्यांचा पहिला नियमच असा की पाणी कुठवर येईल हे दाखवणाऱ्या नकाशावर विश्वास ठेवू नका. नकाशात ती शाळा पाण्याच्या पट्ट्याबाहेर होती. तरी मोठ्या शाळेची मुलं धरणीकंप थांबल्याबरोबर पळाली, त्यांना बघून शेजारच्या लहान शाळेची मुलं, ठरलेल्या जागी पोचली, तिथेही धोका वाटला म्हणून आणखी वर गेली. दोन्ही शाळांनी एकत्र सराव केलेला होता, मोठ्यांनी लहानांचे हात धरायचे हे पाठ होतं. वाचली.

ही गोष्ट सगळे सांगतात, त्याच उनोसुमाईची दुसरी कमी सांगितली जाते. तिथे वर्षभरापूर्वीच नवं आपत्ती निवारण केंद्र बांधलं होतं. त्सुनामीत जायची नेमलेली जागा ती नव्हतीच, ती होती वर उंचावर. पण उंचावर चढायचं म्हणजे म्हाताऱ्यांना त्रास, थंडी, म्हणून सराव त्या केंद्रातच घ्यायचे, जवळ आणि सोयीचं. मार्चच्या सुरुवातीलाच एक सराव झाला होता तसा. त्या दिवशी लोक पळत तिथेच गेले. शंभराहून जास्त माणसं दगावली त्या इमारतीत.

"सराव आहे तो, खरं असतं तर शाळेवरच नेणार" हे जे तुम्हाला सांगितलं ना, अगदी हेच तिथेही कुणीतरी म्हटलं असणार.

---

निवृत्त_अव्वलकारकून

सगळं छान आहे पण वास्तवात या. तालुक्याहून तारीख येणार, वेळ ११ चीच येणार, साहेबांना दुसऱ्या गावी १ वाजता जायचं असणार आणि रिपोर्टबरोबर फोटो लागणार. तुम्ही फरशीवर चिंचोके मांडलेत त्याचा फोटो कुठल्या रकान्यात बसवायचा?

माझा सल्ला, भांडू नका. ११ ला बॅनर लावा, फोटो द्या, साहेब गाडीत बसले की तुमचं खरं काम संध्याकाळी ७ ला. फायलीत दोन्हीची नोंद एकाच दिवशी येते. ३१ वर्षं ह्याच्यावर काढली मी. फक्त ११ वाजताचं पण सभागृहात नको, शाळेतच घ्या, फोटो तिथंही येतात.

---

सेफ्टीवाला_एमआयडीसी

काकांना दंडवत. 😄

राहिलेले मुद्दे लिहितो, जेवायच्या सुट्टीत आहे. अचानक भोंगा वाजवू नकोस. आठवडा सांगायचा, वेळ नाही सांगायची. पोलीस, ११२, १०८, पीएचसी आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या १०७७ ला आधी कळव. प्रत्येक फोन आणि मेसेज "सराव सराव सराव" म्हणूनच सुरू करायचा आणि मेसेजमध्ये तारीख टाकायची, नाहीतर तो ऑगस्टमध्ये फिरत फिरत परत येईल आणि अर्धा तालुका पळेल. ७ मे २०२५ ला देशभर सायरनचे सराव झाले तेव्हा कुठलं खरं कुठलं खोटं ह्याच्यावर ग्रुपवर काय राडा झाला आठवत असेल. आणि एक शब्द ठरव की जो फक्त खरंच कुणाला काही झालं तर ओरडायचा. सरावातला पेशंट "मला चक्कर येतेय" म्हणतो आणि त्याला खरंच चक्कर येत असते, असं होतं.

बोट. नदीत नको. तलावात, शेततळ्यात, स्थिर पाण्यात, काठावर दोर घेऊन दोन पोहणारे. आणि बोटीचा सराव चालवण्याचा कमी, "नाही" म्हणण्याचा जास्त. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला जास्त माणसं भरलेली बोट उलटून काय झालं ते तुमच्या जिल्ह्याला सांगायला नको. बोटीवर माणसांचा आकडा रंगवलेला असतो, त्याच्यावर एक पण माणूस नाही, आणि जॅकेटशिवाय तर नाहीच. दहा जण मुद्दाम रडारड करत चढायला लावा आणि नावाड्याला थांबवता येतंय का बघा. तो सरपंचाच्या भावाला नाही म्हणतो का ते बघा. खरी परीक्षा ती. (काहिलीतनं, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतनं, पाण्यात जायची सवय असलेल्यांनी पण जॅकेट घालायचं, काहील गुळाची आहे.)

निरीक्षक शेजारच्या गावातले घे, हातात घड्याळ आणि वही, त्यांनी फक्त वेळ लिहायची, मत नाही. ७:०४ दवंडी, ७:१९ पहिलं घर निघालं, असं. संपल्यावर तिथंच खाली बसून बोला, घरी गेले की सगळ्यांच्या आठवणी गोड होतात. सगळ्यात लहान माणसाला आधी बोलू दे, सरपंच शेवटी. त्यांनी आधी "छान झालं" म्हटलं की पुढं कोण बोलत नाही.

---

कृष्णाकाठचा_गडी

मंडळी उशीर झाला लिहायला. काल रात्री देवळात चिंचोके मांडले. २२ जण आले, धरून आणलेले धरून.

काय काय झालं सांगतो. पहिल्या तासाभरात, म्हणजे देवळातल्या १० मिनिटात, कोणीच काय केलं नाही, सगळे "अजून ३७ च आहे". ३९ ला ट्रॅक्टर काढायचं ठरलं तर डिझेल कोण घालणार ह्याच्यावर भांडण, खरं भांडण, चिंचोके तुडवले एकानं. तेवढ्यात मी फुगेची चिठ्ठी वाचली. वाडीचे ४१ चिंचोके ओढ्याच्या पलीकडं तसेच. सगळे एकदम गप्प झाले. लाइनमन हळूच म्हणाला "२०१९ ला पण असंच झालं होतं की रे".

डॉक्टर मॅडमची डायलिसिसची चिठ्ठी टाकली तर कळलं की गावात असे दोघं आहेत, सरपंचाला एकच माहीत होता.

पोल्ट्रीवरच्या पोरांचे ९ चिंचोके मी कोपऱ्यात ठेवलेले, शेवटपर्यंत कोणी हात लावला नाही.

आणि सेंदाईकर, तुमचं वाचल्यापासनं एक प्रयोग करायचा होता. कोपऱ्यात एक आजी बसलेल्या कीर्तनाच्या आधी, त्यांना सहज विचारलं, आजी भोंगा वाजला तर कुठं जायचं? त्या म्हणाल्या "सभागृहात. गेल्या साली नेलं नव्हतं का, च्या पण दिला." सरपंच समोरच होते. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातला खडू घेतला आणि सभागृहावर फुली मारली.

आता पुढच्या शनिवारी परत बसतोय, डिझेलचं आणि म्हशींचं मिटवायला, त्यानंतर नुसता फोन सराव, यादीतले सगळे नंबर लावून बघायचे. अंधारातलं ड्रिल मेच्या शेवटी. तालुक्याचं ११ चं पण होईल, काकांच्या पद्धतीनं, शाळेतच.

---

आशाताई_मिरज

किल्ली?

---

कृष्णाकाठचा_गडी

ताई किल्ली हेडमास्तरांच्या घरी नव्हती, शिपायाकडं पण नव्हती. दोन दिवस शोधली. गेल्या निवडणुकीत बूथ होतं तेव्हा जी कुणी नेली ती नेलीच. नवीन कुलूप घेतलंय, तीन किल्ल्या केल्यात, एक डेअरीत खिळ्याला लावलीय. बायकांच्या संडासाला कुलूपच ठेवलं नाही.